झंझावाताचा डावा ठोसा

मी झंझावात बोलतोय, आणि तुमच्याकडे पाठ करून बोलतोय. याला उद्धटपणा समजू नका. उभ्या आयुष्यात मी शत्रूलाही कधी पाठ दाखवली नाही, मग घरी आलेल्या पाहुण्याला कशी दाखवेन? पण या काचेच्या कपाटात मला मुद्दाम असं उभं केलंय. खरं सांगायचं तर असं उभं राहण्याचा मला अभिमानच वाटतो. का, ते कळायला जरा मागे जावं लागेल.

आधी माझी ओळख. उंची म्हणाल तर वीतभरही नाही. अंगात निळा पोशाख, कमरेला पिवळा पट्टा, छातीवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर. पाठीवर एके काळी लाल केप होती, ती आता नाही. नाकावरचा रंग थोडा उडालाय. उजवा हात कमरेवर, आणि डाव्या हाताची मूठ वळलेली. कमरेमागची कळ दाबली की हा डावा हात सटकन पुढे येतो. अजूनही येतो. माझ्या वयाच्या किती जणांचे खांदे इतके चालतात, ते तुम्हीच सांगा.

माझा जन्म मेणातला. प्लॅस्टिकचं खेळणं म्हणजे यंत्रातून पडलं आणि खोक्यात गेलं, असं पुष्कळांना वाटतं. पण यंत्राला नाक-डोळे कुठून माहीत असणार? ते आधी कुणाला तरी हाताने करावे लागतात. माझे ताईने केले.

ताई खेळण्यांच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर खिडकीशी बसायची. लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत, साचे कोरणारे, तिच्याहून वयाने मोठे असलेले साचेकाकासुद्धा. तिच्या टेबलावर स्पिरिटचा दिवा, दातांच्या डॉक्टरकडे असतात तसल्या बारीक सळया, एक चाकू आणि एक उभा आरसा असे. त्या चाकूने कधीतरी तिचा उजवा अंगठा तिरका कापला होता, त्याचा व्रण कायमचा राहिला होता. तो व्रण लक्षात ठेवा. तिची जीभ मात्र चाकूपेक्षा धारदार होती, आणि तिचे व्रण कारखान्यात बऱ्याच जणांनी अंगावर बाळगले होते.

माल खपवायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे विक्रीसाहेब म्हणत. त्यांनी माझं एक मोठं रंगीत चित्र काढून घेतलं होतं. त्यात मी उजव्या हाताने ठोसा मारत ढगांतून खाली झेपावत होतो, आणि खाली कारखान्याची इमारत नावाच्या पाटीसकट दिसत होती. ताईने ते चित्र हात लांब करून पाहिलं.

"हा हात आहे की भिजलेला टॉवेल?" ती म्हणाली. "याने माशी तरी मरेल का?"

"ताई, चित्रकार नावाजलेला आहे," विक्रीसाहेब म्हणाले.

"असेल की. पण हाताला हाडं असतात, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही."

चित्र ड्रॉवरमध्ये गेलं. ताई आरशासमोर उभी राहिली. उजवी मूठ वळून तिने पुढे केली, खांदा कसा उचलला जातो, मनगट कुठे ताठ होतं ते डोळे बारीक करून पाहिलं, आणि खाली बसून जसंच्या तसं मेणात उतरवलं. पुन्हा उठली, पुन्हा मूठ वळली, पुन्हा बसली. असं बरेच दिवस चाललं. शेजारी बाहुल्यांचे डोळे बसवणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

"ताई, कुणाला मारायचा बेत आहे?"

"जी आधी हसेल तिला," ताई मूठ न सोडता म्हणायची.

तेव्हा मी आजच्यापेक्षा दुप्पट उंच होतो. ही आमच्या धंद्यातली रीत. मेणाचा नमुना दुप्पट करायचा, म्हणजे पापणीपर्यंत बारीक काम करता येतं. मग त्याची एक टणक प्रत काढतात आणि ती साचेकाकांच्या यंत्रावर चढवतात. यंत्राचा एक हात त्या प्रतीवरून फिरत जातो, आणि दुसरा हात तेच सगळं निम्म्या आकारात पोलादात कोरत जातो. मोठेपणी लहान होणारा प्राणी माझ्याशिवाय दुसरा नसेल.

मेणाचं काम संपलं तेव्हा मालक वर आले. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी आपली उजवी मूठ पुढे केली, माझ्या मुठीला भिडवली आणि म्हणाले, "वा, अगदी चित्रातल्यासारखा." समोरच्याकडे माणूस आरशात बघितल्यासारखाच बघतो, हे मला त्या दिवशी कळलं. मालकांनी पाहिलं, साहेबांनी पाहिलं, दोघांनी मान डोलावली.

ताईने हात पुसले आणि म्हणाली, "मालक, एक मागणं आहे. याच्या तळपायावर माझं नाव येऊ द्या. अगदी बारीक. उलटा केल्याशिवाय दिसायचंसुद्धा नाही."

मालक हसले. "खेळण्याला कंपनी असते, ताई. करणारा नसतो. तळपायावर कंपनीचा शिक्का येईल."

"म्हणजे हा कंपनीच्या पोटी जन्मला?"

"अहो, सगळ्यांची नावं घालायची तर त्याला केवढे पाय करावे लागतील," असं म्हणून मालक हसत हसत जिना उतरले.

ताई हसली नाही.  तिने दिव्यावर सळई तापवली, माझ्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध मेण मऊ केलं, आणि तिथे आपला उजवा अंगठा दाबला. चार बुकं शिकलेली बाई, पण माझ्यासाठी अंगठेबहाद्दर झाली. "नाव नाही तर नाही," ती पुटपुटली, आणि वरून कापडाची केप टाचून टाकली.

साचेकाकांना तो खळगा दिसलाच. त्यांनी वर येऊन विचारलं, "ताई, पाठीवर खड्डा पडलाय. भरून घेऊ का?"

"राहू दे, काका. केपखाली कोण बघतंय?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जवळून पाहिलं. गोल गोल रेषा, आणि त्यांना छेदून गेलेला तिरका व्रण. चष्मा नाकावर घेऊन ते खाली गेले. पोलाद कोरताना मात्र त्या जागी त्यांनी यंत्र अगदी हळू चालवलं.

असा मी पोलादात गेलो आणि प्लॅस्टिक होऊन बाहेर आलो. साच्यातून पहिला निघालो तो मीच, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. हात, पाय आणि धड एकाच दांडीला लटकलेले होते. ताईने ते तोडून, घासून, जोडून मला उभं केलं. माझ्या धाकट्या भावांना पुढे पत्र्याच्या छिद्रं पाडलेल्या मुखवट्यातून फवाऱ्याने रंग मिळाला. मला ताईच्या कुंचल्याने मिळाला. माझ्या छातीवरचं अक्षर नीट बघाल तर त्याची एक कड किंचित जाड आहे. ती छापाची चूक नाही, तो हाताचा रंग आहे.

मग मला बैठकीच्या टेबलावर नेलं. मालक, साहेब आणि सगळी मोठी मंडळी जमली होती. मागे भिंतीवर ते रंगीत चित्र टांगलं होतं. साहेबांनी ऐटीत माझी कळ दाबली. ठोसा बसला. साहेबांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कळ दाबली.

"हा डावा आहे," ते म्हणाले.

त्यानंतरचं दृश्य बघण्यासारखं होतं. एवढे मोठे लोक, पण प्रत्येक जण जागच्या जागी हवेत ठोसे मारून आपला उजवा हात कुठला ते तपासत होता. शेवटी मालकांनी विचारलं, "हे कुणी केलंय?" माझ्या तळपायावर जे नाव कुणाला नको होतं, ते त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडी होतं.

ताईला बोलावलं. तिने एका नजरेत ओळखलं.

"आरशात बघून केला," ती म्हणाली. "मी उजवी मूठ वळली, आरशातलीने डावी वळली. मी तिचं ऐकलं. चूक माझी आहे."

पोलादाचा साचा म्हणजे काही पाटीवरची पेन्सिल नव्हे, पुसून पुन्हा काढायला. दुकानदारांचा वार्षिक मेळावा तोंडावर आला होता, आणि तिथे माल पसंत पडला नाही तर वर्ष बुडालं. मालकांनी डोकं धरलं. "मेळाव्यात लोक हसले ना, ताई, तर वरचा मजला बंद. यापुढे बाहेरून तयार साचे आणेन, पण हा उद्योग नको." ताईने मान हलवली आणि मला टेबलावरून उचलून घेतलं.  मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं की बाई, मला हा डावा हातच आवडतो.

पण विक्रीसाहेब हार मानणाऱ्यातले नव्हते. "खेळणं बदलता येत नाही ना? मग चित्र बदलू," ते म्हणाले. "चित्र उलटं छापायचं. ठोसा आपोआप डावा होईल." सगळ्यांना ही युक्ती झकास वाटली. छापखान्यात निरोप गेला, आणि मेळाव्याच्या सकाळी आमच्या दुकानावर भिंतीएवढं चित्र चढलं. ते वर चढल्यावर लोकांना दिसलं की ठोसा डावा झालाय हे खरं, पण त्याबरोबर छातीवरचं अक्षरही उलटं झालंय. आणि खाली इमारतीवरची कंपनीची पाटीसुद्धा. आरशाची चूक आरशानेच निस्तरायला गेले, आणि एका चुकीच्या तीन करून बसले.

मेळाव्यात एक मालकीणबाई येत असत. त्यांची ठिकठिकाणी दुकानं होती. ज्या खेळण्यापाशी त्यांचा चष्मा थांबला ते घरोघरी पोचतं, असा बोलबाला होता. त्या आमच्यापुढे थांबल्या. चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अक्षर उलटं, पाटी उलटी, हातही उलटा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे सुलटं असं काही आहे का?"

आजूबाजूचे दुकानदार खो खो हसले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मालकांनी मान फिरवून ताईकडे पाहिलं. खेळण्यांचे उडालेले रंग दुरुस्त करायला म्हणून तिला आणलं होतं, आणि ती कोपऱ्यात कुंचला धुवत बसली होती. त्या नजरेचा अर्थ तिला कळला, मलाही कळला.

ताईने कुंचला ठेवला, मला डाव्या हातात घेतलं आणि थेट मालकीणबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, जरा माझ्या या हाताकडे बघा," असं म्हणून तिने उजवी मूठ वर उगारली.

बाईंनी तिकडे पाहिलं. तेवढ्यात ताईने डाव्या हाताने माझी कळ दाबली. मी जिवाच्या आकांताने ठोसा मारला. बाईंचा चष्मा नाकावरून निसटला आणि गळ्यातल्या दोरीला लोंबकळत राहिला.



"शत्रूचं लक्ष उजव्या हाताकडे असतं," ताई म्हणाली. "ठोसा डावीकडून येतो. म्हणून हा कधी हरत नाही."

बाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला. "पुन्हा करा बघू." ताईने पुन्हा केलं. मग बाईंनी मला स्वतः हातात घेतलं आणि आपल्याच मुनीमजींच्या टोपीवर प्रयोग केला. टोपी पडली. बाई चक्क हसल्या. "आणि त्या उलट्या अक्षराचं काय?"

"ते मी काढलेलं नाही," ताई म्हणाली. "मी काढलेलं याच्या छातीवर आहे. सुलटं."

त्या दिवशी आमच्या दुकानापुढे अशी झुंबड उडाली की शेजारच्या दुकानदाराला आपलं टेबल मागे सरकवावं लागलं. वरचा मजला वाचला. आणि विक्रीसाहेबांनी परतीच्या वाटेवर गाडीतच ओळ जुळवली: 'लक्ष उजवीकडे, ठोसा डावीकडून.' साहेब मनाने वाईट नव्हते हो. फक्त दुसऱ्याचं चांगलं वाक्य कानावर पडलं की थोड्या वेळाने ते त्यांना स्वतःचंच वाटू लागे.

पुढे माझा जो गाजावाजा झाला तो काय वर्णावा. कारखान्यात माझे भाऊ दिवसभर साच्यांतून निघत. लांब टेबलाशी बसलेल्या बाया त्यांचे खांदे बसवत, दुसऱ्या केपा शिवत, तिसऱ्या त्यांना पुठ्ठ्यावर ठेवून वरून पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा चिकटवत. पुठ्ठ्याच्या मागे माझ्या शत्रूचं चित्र असे. तो वेगळा विकत घ्यावा लागे, ही साहेबांची हुशारी. मित्राविना मूल राहील, पण शत्रूविना झंझावात कसा राहणार? दुकानांच्या काचेत मी, बसथांब्यांवर मी, मासिकाच्या मागच्या पानावर मी. दुसऱ्या एका कंपनीने माझी नक्कल काढली, उजव्या हाताची. पोरांनी तिला विचारलं नाही. म्हणायची, याचा ठोसा तर आधीच दिसतो.

माझ्या लाखभर भावांच्या पाठीवर, केपखाली, ताईचा अंगठा होता. हे कंपनीला माहीत नव्हतं. ताईला, साचेकाकांना आणि मला माहीत होतं.

मेळावा संपल्यावर साहेब मला घरी घेऊन गेले, त्यांच्या लेकीसाठी. तिला घरात छोटी म्हणत. छोटीने पहिल्याच आठवड्यात माझी केप बाहुलीच्या गुडघ्याला पट्टी म्हणून बांधली, आणि ती बाहुली पुढे कुणा मैत्रिणीकडे गेली ती गेलीच. मला क्षणभर उघडं पडल्यासारखं झालं. पण केप गेली आणि छोटीला पाठीवरचा खळगा सापडला.

"बाबा, इथे बटण आहे," ती म्हणाली.

तिने त्यावर अंगठा ठेवला. तो असा चपखल बसला की जणू तिचंच माप घेऊन केला होता. दुप्पट मेणातला मोठ्या बाईचा अंगठा निम्मा होऊन पोलादात उतरला होता, म्हणून तो लहान मुलीच्या अंगठ्याएवढा झाला होता. हे छोटीला कुठून कळणार? तिच्या लेखी ते माझ्या शक्तीचं बटण होतं. लढाईआधी ती ते दाबायची, तोंडाने घरघर आवाज काढायची आणि मगच माझी कळ दाबायची. मी उशांच्या डोंगरावरून उड्या मारल्या, बादलीत पोहलो, आजीच्या चष्म्याच्या डबीत कैद झालो आणि सुटलो. एकदा गणिताच्या परीक्षेला तिच्या दप्तरात गेलो. पेपर सोडवायला बसायच्या आधी तिने दप्तरात हात घालून माझं बटण दाबलं होतं. पास झाली. यात माझा वाटा किती, ते मी सांगत नाही, पण होता.

साहेब संध्याकाळी आमचा खेळ बघत बसत. कुणी पाहुणे आले की विचारत, "तुम्हाला हा डावा ठोसा सुचला तरी कसा?" साहेब खुर्चीत सैलावून म्हणत, "अहो, अंघोळ करताना सुचला." मला ती अंघोळ कधी दिसली नाही. मी टेबलावर उभा असायचो आणि माझी मूठ आपोआप आवळायची.

मग एक दिवस छोटीचा अंगठा खळग्यात मावेना. तिने दोनदा दाबून पाहिला, मला उलटं-सुलटं केलं आणि शेल्फवर ठेवलं. रागावून नाही, हळूच ठेवलं. मुलं मोठी होतात त्याला खेळण्याने तक्रार करू नये. पुढे शेल्फवरून कपाटात, कपाटातून बुटांच्या खोक्यात आणि खोक्यासकट माळ्यावर. तिथे मोडक्या पंख्याच्या आणि जुन्या गाद्यांच्या संगतीत मी किती वर्षं काढली कोण जाणे. पण एकदाही आडवा पडून राहिलो, असं समजू नका. खोकं आडवं होतं, मी मनाने उभाच होतो.

साहेब गेले, त्यानंतर घर आवरताना छोटीच्या हाताला ते खोकं लागलं. आता तिला छोटी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. केसांत चांदी होती, नाकावर चष्मा होता. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, कळ दाबली. हात सटकन पुढे गेला. ती जमिनीवर बसली आणि खूप वेळ रडली. बापासाठी रडली, थोडी माझ्यासाठीही.

त्याच सुमारास गावात जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. आता आम्हाला जमवणारे लोक असतात. मोठी माणसं, नोकरीधंद्याची, पण आमची नावं काढली की त्यांचे डोळे चमकतात. छोटीने मला तिथे दिलं. काचेच्या कपाटात शेजारी माझाच एक धाकटा भाऊ होता, अजून फुग्यात, पुठ्ठ्यासकट, केपसकट. लोक त्याच्यापुढे जास्त थांबत. बिचारा. आयुष्यात एक ठोसा मारायला मिळालेला नाही त्याला. मी त्याला परीक्षेच्या दिवसाची गोष्ट सांगितली, तर म्हणतो, "दप्तर म्हणजे काय?"

माझ्यापुढे एक पाटी लावली होती. वर कंपनीचं नाव, खाली 'संकल्पना आणि निर्मिती' म्हणून साहेबांचं नाव. छोटी रोज येऊन ती पाटी वाचायची. बापाचं नाव काचेपलीकडे मांडलेलं बघून तिचा ऊर भरून यायचा. मला तिचा आनंदही कळत होता आणि पाटीही खुपत होती. काय करणार, मला कळ आहे, तोंड नाही.

एका दुपारी दोन म्हाताऱ्या आल्या. एकीच्या हातात काठी, दुसरी तिची धाकटी बहीण. काठीवाली काचेला नाक लावून माझ्याकडे बघत राहिली.

"पोटऱ्या जाड झाल्यात," ती म्हणाली. "तेव्हाच वाटलं होतं मला."

"चल गं अक्का, उगाच काहीतरी," बहीण म्हणाली.

हातपाय थकले होते, आवाज मात्र ताईचाच होता. माझ्या अंगातून, जे काही पोकळ अंग आहे त्यातून, कळ गेली. छोटी तिथेच उभी होती.

"आजी, तुम्हाला याच्याबद्दल काही माहिती आहे का?" तिने विचारलं.

"माहिती? अगं, मी केलाय हा."

प्रदर्शनवाला तरुण पुढे आला. भला माणूस होता, पण रोज कुणी ना कुणी येऊन अमुक मी केलं, तमुक मी केलं सांगत असावं. त्याने नम्रपणे पाटी दाखवली. ताईने ती सावकाश वाचली.

"साहेबांनी विकला," ती म्हणाली. "छान विकला, माझं काही म्हणणं नाही. केला मी. त्याला पाठमोरा करा. पाठीवर माझा अंगठा आहे."

छोटीचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने स्वतः कपाट उघडायला लावलं, मला बाहेर काढलं, उलटं केलं. खळगा होता. ताईने त्यावर आपला अंगठा टेकवला. तो खळग्याच्या चारी बाजूंनी बाहेर आला.

तरुण हळूच म्हणाला, "आजी, हा लहान मुलाचा ठसा आहे. खेळणी जमवणाऱ्या आमच्या मंडळींचंही तेच मत आहे. कुणा कामगाराचं मूल कारखान्यात आलं असेल..."

"मंडळींना म्हणावं, मेण दुप्पट असतं, बाळांनो," ताई हसून म्हणाली. "मी घडवला तो एवढा होता." तिने काठी बहिणीकडे दिली आणि दोन्ही हातांनी माप दाखवलं. "याला बारीक केला साचेकाकांनी. माझा अंगठाही बारीक केला. आता भिंग आणा आणि मधली तिरकी रेघ बघा."

तरुणाने भिंग आणलं. आधी माझ्या पाठीवर धरलं, मग ताईच्या अंगठ्यावर, मग परत माझ्या पाठीवर. रेषांचा तोच भोवरा, तोच तिरका व्रण. एक इवलासा, ठशात उमटतो तसा उलटा, एक मोठा.

"हे खरं आहे," तो म्हणाला, आणि छोटीकडे पाहिलं. "पण पाटीवर तुमच्या वडिलांचं नाव आहे. तुमची वस्तू आहे, तुम्ही सांगाल तसं."

 छोटी एकदा पाटीकडे बघत होती, एकदा आपल्या अंगठ्याकडे. त्या घटकेला मला तिची दया आली. बाप गेल्यावर त्याचं जे काही मोठेपण हाताशी राहतं, त्यातलं स्वतःहून काढून देणं सोपं नसतं.

"मी लहानपणी रोज इथे अंगठा ठेवायचे," ती शेवटी ताईला म्हणाली. "बरोब्बर बसायचा. मला वाटायचं, हे याच्या शक्तीचं बटण आहे."

"तेच आहे ते," ताई म्हणाली.

छोटीने चष्मा काढून डोळे पुसले. "बाबांनी विकला, तेवढं बाबांचं नाव राहू द्या," ती तरुणाला म्हणाली. "वर यांचं लिहा. मोठ्या अक्षरांत."

तरुणाने पेन काढलं. "आजी, नाव सांगा."

"नाव सांगते. पण आधी शाई आणा."

शाईची गादी आली. ताईने उजवा अंगठा त्यात बुडवला आणि कोऱ्या पाटीवर, अगदी वर, दाबून उमटवला. बहीण म्हणाली, "अक्का, लिहिता-वाचता येतं ना तुला? अंगठा काय लावतेस?"

"याला माझी हीच सही ओळखीची आहे," ताई म्हणाली. मग तिने पेन घेऊन अंगठ्याखाली स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर थोडं कापरं, पण सुलटं.

मला परत ठेवताना ताईने पाठमोरं ठेवायला सांगितलं, तेव्हा तरुणाने विचारलं, "पाठ लोकांकडे ठेवू म्हणता? मग तोंड कसं दिसेल?"

"त्याच्यापुढे आरसा ठेवा," ताई म्हणाली. "त्याची नि आरशाची जुनी ओळख आहे."

म्हणून मी असा उभा आहे. माझ्या पाठीवर निम्मा अंगठा, शेजारच्या पाटीवर पुरा. लहान मुलं आली की काचेवर आपापला अंगठा टेकवून माप बघतात, आणि मोठी माणसं हळूच, कुणी बघत नाही असं पाहून, तेच करतात. तुमच्या घरी एखादं जुनं खेळणं असेल, खुर्ची असेल, पेटी असेल, तर एकदा उलटी करून बघा. तळाशी शिक्का असेलच. पण जरा चाचपून बघा, कुणाचा हात लागतोय का.

ताई अधूनमधून येते. काठी टेकून माझ्या मागे उभी राहते, आणि आरशात आम्ही दोघं एकमेकांना बघतो. आरशातल्या झंझावाताची मूठ उजवी आहे, तिने पहिल्या दिवशी स्वतःची वळली होती तशीच.